बोटांना न कळलेली ओल

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला त्वचेवर एक मोठा प्रश्न येतोच, हे आमच्या अमरावतीच्या होस्टेलात भिंतींनाही माहीत होतं. ‘त्वचेची आकृती काढून तिची रचना व कार्ये लिहा.’ आकृतीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. वर बाह्यत्वचा, खालून वर सरकत मरत जाणाऱ्या पेशींची. तिच्यात रक्ताचा थेंब नाही, आणि महिन्याभरात ती झडून नवी होते. तिच्याखाली अंतःत्वचा, आणि सगळा संसार तिथंच: रक्तवाहिन्या, घामाच्या गुंडाळलेल्या नळ्या, केसांची मुळं, तेलाच्या ग्रंथी, मज्जातंतूंची टोकं. त्याच्याही खाली चरबीची गादी. मी अंतःत्वचा गुलाबी रंगवायची आणि मज्जातंतू पिवळे. या रंगवण्याच्या नादात मी एकदा वर्गातलं एक वाक्य ऐकलं नाही. त्या एका वाक्याबद्दलच मला हे सगळं लिहायचं आहे.

माझी ती आकृती सगळ्यात आवडीनं पाहिली माझ्या बाबांनी. आम्ही राहायचो अकोल्यात, आणि बाबा रोज बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायचे. ते कापसाचे ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आवारात आली की तिच्यातला कापूस कोणत्या प्रतीचा, कोरडा की ओला, हे सांगायचं काम त्यांचं. बाही वर सारून ते कोपरापर्यंत हात गाडीच्या पोटात घालायचे, तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचे, दाबायचे, सोडायचे. मग त्यातली चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जन्यांत धरून हलकेच ओढायचे, ओढत ओढत तिचे धागे सरळ करायचे आणि काळ्या जाकिटावर ठेवून लांबी बघायचे. हे सगळं एक घोट चहा पिण्याइतक्या वेळात व्हायचं. दुसरे ग्रेडर सरकी दातांखाली फोडून बघत, कट्कन वाजली की कापूस कोरडा. बाबा त्यांना हसायचे. वरून शिंपडलेलं पाणी सरकीपर्यंत पोचतच नाही, तिथं दात फसतात, बोटं फसत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. आमचं वऱ्हाड तेव्हा रोज पेपरात असायचं, आणि चांगल्या कारणानं नसायचं. कॅमेरे घेतलेली माणसं आवारात येत, गाड्यांच्या रांगेचे फोटो काढत, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. कापसावर पाणी मारून आणणं त्या वर्षांत वाढलं होतं. वजन दोन-चार किलोनं वाढवायचं, दुसरं काय. बाबांना ते राग न येता समजायचं. पण ओला कापूस ते घेत नसत. ओल्या कापसाची गंजी आतून तापते आणि पिवळी पडते, मग चांगला कापूसही तिच्यासोबत जातो. मात्र गाडी ते परतही पाठवत नसत. आवाराच्या एका कोपऱ्यात ताडपत्री अंथरलेली असायची. तिथं कापूस पसरायला लावायचे आणि दुपारी पुन्हा हात घालून बघायचे. शेतकरी आधी शिव्या द्यायचे, मग तिथंच बसून भाकर खायचे. आवारात त्याला ‘ग्रेडरचं ऊन’ म्हणत. ‘जाय बाप्पा, ग्रेडरचं ऊन दाखवून आण’ हे वाक्य मी लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा कितीदा ऐकलं असेल.

बाबांच्या शेजारी काट्यावर बसायचे मापारी. बार्शीटाकळीतलं मुसलमान घर, वय बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी जास्त. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. बाबांनी प्रत सांगायची, चाचांनी वजन. दोघांची जबान एकमेकांच्या जबानीवर उभी होती. चाचांच्या डब्यातलं अंड्याचं कालवण बाबा खायचे आणि हे आईला ठाऊक नाही असं दोघंही समजायचे. आईला सगळं ठाऊक होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आकृतीची वही घेऊन घरी आले. बाबांनी ओसरीत बसून मला प्रश्न विचारले. त्यांना वाचून दाखवलं की तळहाताला केस नसतात, तेलाच्या ग्रंथी नसतात, पण घामाच्या ग्रंथी सगळ्यात दाट तिथंच, तर ते आपला हात उलटसुलट करून बघत राहिले. थंडीसाठी वेगळी टोकं, उष्णतेसाठी वेगळी, टोचण्यासाठी वेगळी, पिसासारखं काही अंगावरून गेलं तर त्यासाठी वेगळी. मग मी मोठ्या फुशारकीनं सांगितलं की ओल ओळखणारं टोक मात्र माणसाच्या कातडीत कुठंच नाही.

“नाई कसं? मंग मी बावीस वर्सं काय ओयखून राह्यलो?” बाबा म्हणाले.

“थंडपणा ओळखता, बाबा. आणि बोट कसं सरकतं ते. त्यावरून डोकं ठरवतं की ओलं आहे.”

बाबांनी अंगठा तर्जनीवर घासून बघितला. “मंजे अंदाजच,” ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. म्हणून मी म्हटलं की असा अंदाज साऱ्या जिल्ह्यात कोणाचा नाही. तेव्हा ते हसले, पण नेहमीसारखे नाही. त्या हसण्याचं मी काहीच मनावर घेतलं नाही. एकोणीस वर्षांची मुलगी परीक्षेपलीकडचं फार कमी मनावर घेते.

दुसऱ्या दिवशी मला प्रात्यक्षिकाच्या वहीत एका माणसाची संवेदना तपासून लिहायची होती. ही तपासणी साधी असते. कापसाची वात पिळून तिला बारीक टोक काढायचं. माणसानं डोळे मिटायचे. टोक कातडीला नुसतं टेकवायचं, घासायचं नाही. लागलं की त्यानं त्या जागेवर बोट ठेवायचं. कुष्ठरोगाची पहिली खूण अशीच सापडते, बधिर चट्टा किंवा बधिर बोटं. आणि आमच्या घरात कापसाला काय तोटा! मी बाबांना खुर्चीत बसवलं. “बावीस वर्सं मी कापूस तपासला, आज कापूस मले तपासते काय?” म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढं केले.

मी अंगठ्यापासून सुरू केलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळीपर्यंत, मग दुसरा हात. बाबांनी प्रत्येक वेळी बरोबर जागा दाखवली. त्यांच्या कोपराखाली आतल्या बाजूला रुपयाएवढा फिका डाग होता. मी विचारलं तर म्हणाले, “गजकर्ण हाय, मलम लावून राह्यलो.” त्या डागावरही मी वात टेकवली, आणि तिथंही त्यांनी बोट ठेवलं. मी वहीत लिहिलं: ‘दोन्ही हात, संवेदना अबाधित.’ खाली रेघ मारली. ट्यूटर सिस्टरनी त्याला लाल शाईत ‘छान’ दिलं. ती वही माझ्याजवळ अजून आहे, आणि ते पान मी फाडलेलं नाही.

माघात आईचा फोन आला. होस्टेलच्या वॉर्डनच्या खोलीतला फोन, आणि आई रडत होती. जिनिंगमधली एक अख्खी गंजी आतून तापून पिवळी पडली होती. आंबूस वास सुटला तेव्हा कळलं. चौकशीत निघालं की त्या पंधरवड्यातल्या कितीतरी ओल्या गाड्या बाबांनी कोरड्या म्हणून घेतल्या होत्या. ताडपत्रीवर दिवाळीपासून एकही गाडी गेली नव्हती. ग्रेडरचं ऊन बंद पडलं होतं. मॅनेजरनी सगळ्यांसमोर विचारलं, तर बाबा एवढंच म्हणाले, “माह्या हातून चूक झाली.” बावीस वर्षांत ज्याची चूक झाली नाही त्याची एकदम एवढी चूक होते, याचा अर्थ लोकांनी सरळ लावला. ग्रेडरनं हात ओले करून घेतले. बाबांना घरी बसवलं.

मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. सगळ्या प्रवासात मी बाबांवरच चिडलेली होते, हे कबूल करते. बापाला ओळखते असं म्हणायचं आणि लोकांनी एक वावडी उठवली की मनात पाल चुकचुकायचीच. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यांना विचारायची वाक्यं जुळवत होते.

घरी पोचले तर बाबा चुलीजवळ बसले होते. मला बघून उठले, आणि माझ्यासाठी चहाचं उकळतं पातेलं त्यांनी उघड्या हातानं उतरवलं. फडकं नाही, चिमटा नाही. आईनं बघितलं आणि म्हणाली, “तुह्या बाबाले आताशा चटकाच बसत नाई. हात निरा दगडाचा झाला.” तिच्या आवाजात थोडं कौतुकच होतं. मी बाबांचा हात धरून उजेडात नेला. उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला जुने, फुटून वाळलेले फोड. तळहात कोरडा, सालं निघालेला. ज्या तळहातात घामाच्या ग्रंथी सगळ्यात दाट असतात असं मी दिवाळीत वाचून दाखवलं होतं, त्यात घामाचा टिपूस नव्हता. कोपराखालचा डाग वाढला होता.

माझा राग जागच्या जागी गळाला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. मी देवळीतला कापूस घेतला, वात पिळली. “डोळे मिटा, बाबा.” या वेळी मी करंगळीपासून सुरू केलं, मध्येच थांबले, मग अंगठ्यावर, मग पुन्हा थांबले. बाबांचं बोट भलत्याच जागी गेलं. मग कुठंच गेलं नाही. त्यांनी डोळे उघडले.

“दिवाईले तू कशी लावत होती?” ते म्हणाले. “अंगठा, मंग त्याच्या बाजूचं, मंग त्याच्या बाजूचं. एका तालात. मी मोजत होतो, माय.”

मला ते वाक्य तेव्हा आठवलं. ट्यूटर सिस्टर वर्गात म्हणाल्या होत्या: क्रम मोडा, ताल मोडा, नाहीतर रोगी मोजून उत्तर देतो. मी त्या वेळी अंतःत्वचा गुलाबी रंगवत होते. आवाज कानावर पडला होता, वाक्य आत गेलं नव्हतं. आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचा ओला माल पकडला, त्यानं स्वतःचा माल माझ्यापुढून कोरडा म्हणून पास करून घेतला.

“कावून, बाबा, कावून केलं असं?” मी अमरावतीला गेल्यापासून शुद्ध बोलायला शिकले होते, पण त्या दिवशी तोंडातून आमची भाषाच आली. आईनं पदर तोंडाला लावला. उत्तर मला माहीत होतंच. दसऱ्याच्या आसपास चांदूर बाजारचं एक स्थळ आलं होतं, मुलगा शिक्षक, घर चांगलं. मी त्यांना पसंत होते. बापाला महारोग आहे असं कानावर गेलं असतं तर त्या घरानंच काय, पाच तालुक्यांतल्या कोणत्याच घरानं आमचा उंबरा ओलांडला नसता. म्हणून बाबा आधी बोटं लपवत राहिले, आणि गंजी पिवळी पडल्यावर लाचखोर म्हणवून घेत राहिले. पैसे खाल्ले हे लोक वर्षभरात विसरतात. हा रोग विसरत नाहीत.

दवाखान्यात मीच घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते. रोग बरा होईल म्हणाले, गोळ्या फुकट मिळतील, आणि काही दिवसांतच बाबांपासून कोणाला धोका राहणार नाही. मग त्यांनी कोपरामागची आणि मनगटातली जाड झालेली नस माझ्या बोटांना दाखवली. बधिरपणा येऊन सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर गेलेली जाणीव पुष्कळदा परत येते, असं ते सांगत होते. बोटं कधीपासून बधिर आहेत, त्यांनी विचारलं. “पोया झाला त्याच्या आंधीपासून,” बाबा म्हणाले. मी मनात महिने मोजले. पोळा ते दिवाळी, दोन. दिवाळी ते माघ, आणखी तीन-चार. पोळ्याआधीचे दिवस धरले की सहा उलटून गेले होते. मी दिवाळीत ताल मोडला असता तर वेळ होता. हा हिशोब मी त्या दिवसापासून आजपर्यंत करते आहे, आणि तो दर वेळी तेवढाच येतो.

घरी येताना बाबांनी मला आणि आईला शपथ घातली. “लगन होऊन जाऊ द्या. मंग साऱ्या गावाले सांगा.” आम्ही हो म्हटलं. मी हो म्हटलं, हे लपवत नाही. मलाही ते लग्न हवं होतं.

आठ दिवसांनी दुपारी चाचा आमच्याकडे आले. ते कधी आमच्या घरी आले नव्हते, बाबांची आणि त्यांची भेट आवारातच व्हायची. ओसरीत बसले. आईनं पाणी दिलं, चहा दिला. चाचांनी बाबांना काहीच विचारलं नाही. इकडचं तिकडचं बोलले. मग उठता उठता म्हणाले, “मलेबी बंद केलं, भाऊ. म्हणतात, ग्रेडरनं खाल्लं तं मापाऱ्याले हिस्सा भेटलाच असन.” नांदगाव पेठेच्या एका कापड गिरणीत त्यांचा पुतण्या होता, तिथं रात्रपाळीच्या चौकीदाराचं काम बघतो म्हणाले. सत्तरीला आलेला माणूस. “तुमी मनाले लावून घेऊ नोका. अल्ला सब देखता है,” एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते गेल्यावर बाबा जिथं बसले होते तिथंच बसून राहिले. चाचांनी अर्धा ठेवलेला चहा थंड झाला तरी कोणी कप उचलला नाही. मी आतबाहेर करत होते आणि मनातल्या मनात एक नीच विचार करत होते, की चाचांना नांदगावला काम मिळालंच तर... तो विचार मी पूर्ण केला नाही. बाबांनी मला हाक मारली.

“सकायी माह्यासंगं आवारात चाल. कापूस घेऊन.”

“दवाखान्याचं कार्ड आहे ना, बाबा. मॅनेजरला एकट्याला दाखवू. दार लावून.”

“कागद कोन वाचते? चाचाची इज्जत आवारात गेली. ते आवारातच वापस आली पायजे.” मग आईकडं न बघता म्हणाले, “पोरीचं काय ते पोरीनं सांगावं.”

मला विचारलं होतं. नाही म्हणायची मुभा मला होती, आणि माझ्या बाबांनी ती पाळली असती. मी चाचांचा अर्धा कप उचलला, मोरीत नेऊन धुतला आणि म्हटलं, सकाळी किती वाजता निघायचं?

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते थोडकं आहे. चांदूर बाजारहून तिसऱ्याच दिवशी निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. आधी ती छान जुळली होती. चाचांना काट्यावर परत घेतलं. बाबांना घेतलं नाही, आणि ते मागायलाही गेले नाहीत. जिनिंगमध्ये ओल मोजायचं यंत्र आलं. ते कापसात खुपसलं की आकडा दाखवतं, पण गाडी उन्हात पसरायला लावत नाही, सरळ परत पाठवतं. रोग वर्षभरात बरा झाला. बोटं तशीच राहिली. मी नर्स झाले आणि कुष्ठरोगाच्याच कामात राहिले, अमरावती, अकोला, पुन्हा अमरावती. लग्न पुढं झालं, सगळं सांगून झालं. इतक्या वर्षांत किती हातांवर मी कापसाची वात टेकवली असेल, मोजलेलं नाही. ताल मात्र एकदाही धरला नाही. नव्या मुली शिकायला येतात तेव्हा मी आधी त्यांची रंगपेटी बंद करायला लावते आणि मग बोलते. त्या मला खडूस म्हणतात. म्हणोत.

आता ती सकाळ.

आवारात गाड्या लागल्या होत्या. हमाल होते, शेतकरी होते, मॅनेजर पायरीवर उभे होते. काट्यावर कोणी नवाच माणूस बसला होता. चाचा आपला राहिलेला डबा आणि बसायचं पोतं न्यायला आले होते, हा योगायोग होता की बाबांनीच निरोप पाठवला होता, मी कधी विचारलं नाही. बाबांनी काळं जाकीट घातलं होतं. ते ताडपत्रीच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, जिथं ते दुसऱ्यांचा कापूस पसरायला लावत. माणसं हळूहळू जमली. काही हसत होती.

“मी काई खाल्लं नाई,” बाबा म्हणाले. “अन चाचानं तं नाईच नाई. माह्या बोटायले ओल समजत नाई आता. रोग हाय मले.” त्यांनी रोगाचं नाव घेतलं, जुनं, लोक घेतात तेच. पुढं उभे असलेले दोघं-तिघं मागं सरकले. “खोटं वाटन तं पाहा. हे माही पोरगी. नर्स होऊन राह्यली.”

त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून. बावीस वर्षं ज्यांच्या गाड्यांत ते हात घातले होते, ती माणसं समोर उभी होती.

मी वात पिळली. आधी कपाळावर टेकवली. “लागलं,” म्हणत बाबांनी कपाळाला बोट लावलं. दंडावर टेकवली. “लागलं.” गालावर. “लागलं.” मग मी थांबले, मनात उलटसुलट आकडे म्हटले, आणि तर्जनीवर टेकवली. बाबा शांत उभे होते. अंगठ्यावर. करंगळीवर. पुन्हा अंगठ्यावर. त्यांच्या चेहऱ्यावर एक ताणलेली, ऐकणाऱ्या माणसाची कळा होती. पोराच्या हाकेची वाट बघतात तशी ते त्या कापसाची वाट बघत होते. त्यांनी या वेळी काहीही मोजलं नाही. मी ते बघत होते. आता कोणी हसत नव्हतं.

माझ्यानं पुढं होईना. वात हातातच राहिली. तेव्हा घोळक्यातून चाचा पुढं आले. त्यांनी डबा खाली ठेवला. जिथून सगळे मागं सरकले होते तिथं ते बाबांच्या अगदी समोर येऊन उभे राहिले, आणि आपल्या दोन्ही हातांची बोटं त्यांनी बाबांच्या बोटांवर अलगद टेकवली. कापसासारखीच, दाब न देता. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तसेच ते उभे राहिले, बोटांवर बोटं ठेवून, साऱ्या आवारासमोर.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“कावून थांबली, माय?” ते म्हणाले. “लाव ना.”